छताचा कठडा : बंदूक, लस आणि जिवाचा हिशेब

वाचनभाग : अनुवाद २२:८, नहेम्या ४:१३-२३, मत्तय ४:५-७, लूक २२:४७-५१

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. पाखराचे घरटे आणि द्राक्षमळ्यातील पेरणी यांच्या मधोमध तो एका वचनात येऊन जातो, म्हणून संडे-स्कूलच्या पाठांत त्याला सहसा जागा मिळत नाही. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाही तर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. शास्त्रातील घरे आपल्या खानदेश-मराठवाड्यातील धाब्याच्या घरांसारखी सपाट छताची असत. राहाबेने हेरांना लपविले ते धाब्यावर, आणि शमुवेल शौलाशी बोलत बसला तोही धाब्यावरच. घरधनी तर रोज वर जाणारा. कडा कोठे संपते हे त्याला अंधारातही ठाऊक. "मी आजवर कधी पडलो नाही" हे त्याचे म्हणणे अगदी खरे असेल. पण नियम त्याच्या पायांविषयी काही विचारीतच नाही. तुझ्या धाब्यावर आणखी कोण कोण येते, एवढेच तो विचारतो.

हा नियम या महिन्याच्या पाठासाठी घेण्यास कारण घडले ते असे. ग्वाल्हेरच्या बाजूस एका सभेनंतर एक वडील सभासद मजशी बोलत बसले होते. त्यांची थोडी शेती मुरैन्याकडे आहे. घरात वडिलांच्या वेळची बारा बोअरची दोनाली, परवाना वेळच्या वेळी नवा केलेला. बोलता बोलता नातवंडांच्या लसीचा विषय निघाला. ते म्हणाले, "लसीचं मला भय वाटतं, भाऊ. एखाद्या लेकराला काही झालं तर?" मी म्हटले, "आणि काका, ती दोनाली?" ते हसून म्हणाले, "ती काय, कोपऱ्यात उभी असते. खात नाही, पीत नाही. सुई अंगात जाते."

काकांचे हे शेवटचे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण आपण बहुतेक जण असाच हिशेब करतो. जी वस्तू आपल्या हातात, आपल्या हुकमतीत, तिचा धोका मनाला लहान दिसतो. जी दुसऱ्याच्या हातून येते आणि जिच्यात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, तिचा धोका मोठा दिसतो. चाउन्सी स्टार नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९६९ साली यावर एक लेख लिहिला. माणूस आपणहून पत्करलेला धोका लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजार पटीने अधिक चालवून घेतो, असा अंदाज त्याने मांडला. हजार हा आकडा पुढे पुष्कळांनी वादात काढला, पण मनाचा कल कोणत्या बाजूस असतो हे आपल्याला रोज दिसते. मोटारसायकल हाकणारा निर्धास्त असतो, आणि मागे बसलेला ब्रेकसाठी पाय शोधतो.

बंदूक आणि लस या दोन गोष्टींचा तसा काही संबंध नाही. तरी प्रश्न दोहोंत एकच आहे. जीव राखण्यासाठी जो उपाय करावयाचा, त्या उपायातच थोडा धोका असेल तर काय करावे? दोन्ही एकाच तराजूत तोलून पाहू या.

कोपऱ्यातली दोनाली

काकांच्या वडिलांनी बंदूक घेतली तेव्हा ती उगाच घेतली नव्हती. चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांच्या टोळ्यांचे भय खरे होते. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नाने मोहरसिंग, माधोसिंग यांसारख्या टोळीप्रमुखांनी शस्त्रे खाली ठेवली. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंड येथे फूलनदेवी शरण आली. त्या काळात शिवारात एकट्या पडलेल्या घराने बंदूक ठेवली, तर त्याला भित्रे किंवा अल्पविश्वासी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

येथे कोणी नहेम्याचे उदाहरण देईलच, आणि ते द्यावेही. यरुशलेमेचा कोट बांधणारे लोक शस्त्रे जवळ बाळगून काम करीत होते. परंतु शत्रू कोण, तो कोणत्या बाजूने येणार, हे तेथे माहीत होते. धमक्या उघड दिल्या गेल्या होत्या. कोट बावन्न दिवसांत पुरा झाला, आणि मग वेशींवर द्वारपाळ व पहारे नेमले गेले. भय खरे आणि समोर असताना जे शहाणपण होते, तेच भय ओसरल्यावर आपोआप शहाणपण राहते असे नाही. प्रत्येक पिढीने ते पुन्हा तोलावयास हवे.

चंबळमध्ये भय ओसरले आणि बंदुका राहिल्या. आज त्या भागात बंदूक पुष्कळदा मानाची खूण म्हणून खांद्यावर असते, आणि वरातीत बार काढल्याखेरीज काहींना लग्न लागल्यासारखे वाटत नाही. अशा बारांनी वऱ्हाडी मेले आहेत, लहान मुले मेली आहेत. शेवटी २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आनंदाच्या प्रसंगी बेफिकिरीने गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आता आहे. कठडा न बांधणारा घरधनी येथे अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो. बंदूक त्याची, बोट त्याचे, आणि पडणारा मात्र दुसराच.

पण वरात हा वर्षातला एखादा दिवस. एरव्ही घरात बंदूक असली म्हणजे काय घडते? याची बारीक मोजणी अमेरिकेत झाली आहे, कारण तेथे घरोघरी बंदुका आहेत. सिॲटल शहर ज्या किंग काउंटीत आहे, तेथील १९७८ ते १९८३ या सहा वर्षांतील मृत्यू आर्थर केलरमन आणि डोनाल्ड रे या दोन डॉक्टरांनी तपासले व १९८६ साली निष्कर्ष छापले. ज्या घरी बंदूक ठेवलेली होती त्याच घरी गोळीने झालेले मृत्यू ३९८ होते. त्यांपैकी स्वसंरक्षणात मारले गेलेले ९. बाकीच्यांत ३३३ आत्महत्या, ४१ खून आणि १२ अपघात. दोनचार मृत्यूंचे कारण ठरविता आले नाही. बंदूक जिच्यासाठी आणली ती रात्र नऊ वेळा आली, आणि जिचा कोणी विचारच केला नव्हता ती रात्र तीनशेहून अधिक वेळा.

या मोजणीवर एक आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त आहे. बंदूक नुसती दाखविल्याने जो चोर पळून गेला, तो या आकड्यांत कोठेच दिसत नाही. येथे फक्त मेलेल्यांची गणती आहे. म्हणून पुढील संशोधकांनी दुसरी वाट घेतली. कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांची बारा वर्षांची नोंद तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत गोळी झाडून घेऊन मरण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठ पट आढळले, आणि स्त्रियांत सुमारे पस्तीस पट. २०२२ साली त्याच संशोधकांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो आपल्या पाठाला सर्वांत जवळचा. ज्याने स्वतः पिस्तूल घेतले नाही, पण जो पिस्तूलवाल्याच्या घरात राहतो, त्याचे काय? अशा माणसांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले. घरातल्याच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण तर सुमारे सात पट, आणि या बळींत बहुतेक स्त्रिया. परवान्यावर नाव एकाचे असते, तरी धाब्यावर सारे घर राहत असते.

कॅलिफोर्नियाचे पिस्तूल आणि मुरैन्याची दोनाली एक नव्हेत. तिकडचे आठ पट, पस्तीस पट हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे आणून सांगू नयेत. आपल्या देशात बहुसंख्य घरांत बंदूक मुळीच नाही. परंतु त्या आकड्यांमागे जे कारण आहे त्याला देशाची सीमा नाही. निराशेची लाट बहुधा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत जीवघेणे साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी फार मोठा भाग पुढे आत्महत्येने मरत नाही. बंदूक मात्र विचार बदलावयास सवड ठेवीत नाही. इस्राएलच्या सैन्यात तरुण शिपाई आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर नेत असत. २००६ साली नियम बदलून ती छावणीत ठेवावयास लावली, तेव्हा त्या वयाच्या शिपायांतील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि मुख्यत्वे सुट्टीच्या दिवसांतल्याच कमी झाल्या. शिपाई तेच होते, त्यांची दुःखेही तीच असावीत. बंदूक तेवढी दोन दिवस दूर राहिली.

आपल्या शेतकरी घरांत बंदुकीची ही जागा कीटकनाशकाच्या डब्याने घेतली आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. श्रीलंकेने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. ज्या मंडळ्यांत बंदूक कोणाकडेच नाही, तेथील शिक्षकांनी या ठिकाणी त्या डब्याविषयीच बोलावे.

आता गेथशेमाने बागेकडे पाहा. शिष्यांजवळ तरवारी होत्या. रात्रीची वेळ, शिष्य नुकतेच झोपेतून उठलेले, मशालींचा उजेड आणि माणसांचा गलका. अशा घाईत तरवार उपसली गेली आणि तिने काय साधले? ज्याच्या हाती कसलाच निर्णय नव्हता अशा एका चाकराचा कान कापला गेला. योहान त्या चाकराचे नावही नोंदवितो, मल्ख. प्रभूची अटक टळली नाही. उलट त्या धामधुमीत प्रभूलाच तो कान बरा करावा लागला. दारात चोर आला तर मी बंदूक उचलीन, नेम धरीन, असे चित्र आपण दिवसाउजेडी रंगवितो. प्रत्यक्षात ती वेळ पेत्राच्या रात्रीसारखी असते, आणि अंधारात दार उघडणारा उशिरा घरी आलेला आपलाच मुलगाही असू शकतो.

अंगात जाणारी सुई

लसीच्या बाजूनेही हिशेब तितक्याच काटेकोरपणे झाला पाहिजे. लसीत धोका मुळीच नाही असे जे सांगतात ते लसीचेच नुकसान करतात. पहिला अपाय दिसताच लोकांचा त्यांच्यावरील विश्वास उडतो.

आपल्या भागातला एक जुना प्रयोग फार थोड्यांना माहीत आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसाचे यहूदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा या खेड्यात त्यांनी घरोघरची साधारण निम्मी माणसे टोचली आणि निम्मी तशीच ठेवली. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला तेथे टोचलेली ७१ माणसे होती. त्यांतील ८ आजारी पडली, ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांतील २७ आजारी पडली आणि २६ मेली. एकच घर, एकच चूल, एकच रोग. (आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि करू दिला जाऊ नये. त्या २६ जणांविषयी विचार करताना मला अजूनही अस्वस्थ वाटते. पण त्यांच्या मरणाने जे दाखविले ते विसरणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.)

या प्रयोगातही टोचलेले तिघे मेलेच. आणि चार वर्षांनी याहून वाईट घडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. पुढे निष्पन्न झाले की दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा नव्हता. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. १९०७ साली त्यांच्यावरील ठपका दूर झाला. त्या १९ घरांना मात्र याचा काय दिलासा! म्हणून मुल्कोवालचे नाव झाकू नये. आणि ते सांगताना उंढेऱ्याचे २६ही गाळू नयेत.

आपल्याला मुल्कोवाल अधिक का बोचतो? तेथे माणसाच्या हाताने काही केले आणि मग मृत्यू आला, म्हणून. उंढेऱ्यात काही न केल्याने आला. केलेल्या कर्माचा दोष आपण मानतो, न केलेल्याचा दैवावर ढकलतो. या बाबतीत प्रॉटेस्टंट इतिहासातील दोन पित्यांची कहाणी शेजारी ठेवण्यासारखी आहे. जोनाथन एडवर्ड्स हे अमेरिकेतील नामांकित उपदेशक व ईश्वरज्ञानी. १७५८ साली प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाचे अध्यक्षपद स्वीकारल्यावर त्यांनी देवी टोचून घेतल्या. तेव्हा गायीच्या देवीची लस निघाली नव्हती; खऱ्या देवीचाच सौम्य अंश टोचीत असत आणि त्यात धोका बराच होता. एडवर्ड्स त्यातच २२ मार्च रोजी वारले. दुसरे बेंजामिन फ्रँकलिन. त्यांचा चार वर्षांचा मुलगा १७३६ साली देवीने गेला. त्याला टोचले नव्हते. पुढे आत्मचरित्रात त्यांनी या गोष्टीचा खेद आयुष्यभर राहिल्याचे नमूद केले. टोचल्याने मूल गेले तर आपण स्वतःस क्षमा करणार नाही, या भयाने थांबणाऱ्या आईबापांसाठी त्यांनी ते मुद्दाम लिहिले. खेद दोन्ही बाजूंना उभा आहे, तर जी बाट अधिक सुरक्षित ती धरावी, असा त्यांचा सल्ला होता. एडवर्ड्सच्या मृत्यूने तो सल्ला खोटा ठरत नाही. योग्य निवड करूनही माणूस मरू शकतो, एवढेच त्यावरून कळते.

आता आपल्या आठवणीतले उदाहरण घेऊ. कोविडच्या साथीत पुण्यात कोव्हिशील्ड या नावाने जी लस बनली, तीच ब्रिटनमध्ये ॲस्ट्राझेनेका म्हणून दिली जात होती. ३१ मार्च २०२१ पर्यंत तेथे दोन कोटींवर मात्रा दिल्या गेल्या. त्यांत रक्ताच्या गाठींचा एक विरळा विकार ७९ जणांत आढळला आणि १९ जण मरण पावले. केंब्रिजच्या संशोधकांनी तेव्हा एका लाखामागे हिशेब मांडला. रोगाचा प्रादुर्भाव कमी असताना, साठ ते एकोणसत्तर वयोगटात लस सोळा आठवड्यांत सुमारे १४ जणांना अतिदक्षता विभागापासून वाचवीत होती, आणि अपाय होता ०.२ जणांना. वीस ते एकोणतीस वयोगटात मात्र ०.८ जण वाचत होते आणि १.१ जणांना अपाय होत होता. म्हणून ७ एप्रिल रोजी तिशीच्या आतील लोकांना शक्य तेथे दुसरी लस द्यावी असे ठरले. मे महिन्यात ही मर्यादा चाळिशीपर्यंत नेली.

लस वाईट होती म्हणून डॉक्टर मागे हटले, असा अर्थ यातून पुष्कळांनी काढला. माझ्या मते त्यांनी तेव्हा केले ते तोलण्याचे उत्तम उदाहरण होते. त्याच एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुसरी लाट होती. दवाखान्यांत खाटा नव्हत्या, प्राणवायू मिळत नव्हता. रोगाची गाठ पडण्याचा संभव इतका वाढला की तराजूचे दुसरे पारडे पार बदलून गेले. लस तीच असूनही येथे तिची गरज कितीतरी मोठी होती. धोका वस्तूत भरून ठेवलेला नसतो. ती कोणाला, केव्हा, कोणत्या परिस्थितीत दिली यावर तो ठरतो. पोलिओच्या तोंडाने द्यावयाच्या थेंबांचेही असेच आहे. त्यांच्यामुळे लकवा होण्याचे प्रमाण पहिल्या मात्रेच्या सुमारे सत्तावीस लाखांत एक मानले जाते. पोलिओ घरोघर मुलांना लंगडे करीत होता तेव्हा हा धोका नगण्य होता. भारतात मूळ पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. रोगच नाहीसा झाल्यावर तो लहान धोकाही डोळ्यांत भरू लागला, म्हणून सुईने द्यावयाची लस जोडली गेली आणि २०१६ साली थेंबांचे मिश्रणही बदलले. चंबळच्या बंदुकीचा हिशेब असा कोणी पुन्हा मांडला आहे काय?

कठड्याच्या नियमाच्या सर्वांत जवळ येते ती गोवराची लस. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. म्हणजे सहा महिन्यांचे तान्हे बाळ स्वतः काहीच करू शकत नाही. त्याचा कठडा म्हणजे भोवतालची टोचलेली मुले. गोवर इतका पसरतो की त्याला अडविण्यास शंभरांतील सुमारे पंचाण्णव जण सुरक्षित लागतात. रुबेलाचे तर याहून स्पष्ट आहे. तो मुलीला स्वतःला बहुधा फार त्रास देत नाही, पण गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत झाला तर पोटातील बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडवतो. कोविडच्या लसीविषयी मात्र हेच इतक्या जोराने म्हणता येत नाही. तिने गंभीर आजार पुष्कळ टाळला, पण संसर्ग पसरण्याला तिची आडकाठी कमी होती आणि काही महिन्यांत ती आणखी ओसरे. प्रत्येक लसीचा कठडा सारख्या उंचीचा नसतो, हे शिक्षकांनी सांगण्यास संकोच करू नये.

"देव राखील"

आपल्या मंडळ्यांत लस नाकारणारे कित्येकदा एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा आधार घेतात. मरीपासून रक्षण होण्याचा विषय त्यात आहेच. हे स्तोत्र कोणाच्या आजारपणात उशाशी वाचले जाते आणि वाचले जावे. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिरोभागी उभे राहून हेच स्तोत्र कोण म्हणून दाखवितो, ते पाहावे. परीक्षक ते वचन चुकीचे म्हणत नाही. तो ते अगदी बरोबर म्हणतो. कड्यावरून उडी टाकण्यासाठी ते वापरतो, एवढाच फरक. आणि प्रभूने खाली उतरण्याची साधी वाट असताना देवाची परीक्षा पाहण्यास नकार दिला. मंदिराच्या त्या शिरोभागी उभ्या असलेल्या प्रभूला वचन पाठ नव्हते असे कोण म्हणेल?

गंमत अशी की लसीच्या वेळी "देव राखील" म्हणणारा मनुष्य बंदुकीच्या वेळी मात्र "आपणही आपली काळजी घ्यायला नको का?" असे विचारतो. काकांनी मला तेच विचारले. मी म्हटले, "काका, दोन्हीकडे एकच वाक्य म्हणा. कोणते म्हणावयाचे ते तुम्ही ठरवा." ते काही बोलले नाहीत, चहा मात्र पुन्हा मागविला.

वर्गात हा पाठ घेताना फळ्यावर घराचे धाबे काढावे आणि त्यावर कोण कोण चढते ते मुलांनाच सांगू द्यावे. आजी, दूधवाला, शेजारची दोन वर्षांची मुलगी, रुसून वर जाऊन बसलेला दादा. मग त्याच नावांपुढे विचारावे, घरात बंदूक असली तर यांपैकी कोणाचा धोका वाढेल? वेळेवर लस घेतली तर कोणाचा कमी होईल? मोठ्यांच्या वर्गात आत्महत्येचा विषय निघेल. तो टाळू नये, पण कोणत्याही घराचे नाव निघू देऊ नये. दुःखाने खचलेल्या माणसाला बोलण्यासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहेच, आणि एकाकी शेतीवाडीमुळे ती ठेवणे त्यांना आवश्यक वाटते, त्यांनी ती रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या दोन निराळ्या माणसांजवळ असाव्यात. घरात कोणी मरण पावले असेल, पीक बुडाले असेल, तरुण मुलाची परीक्षा गेली असेल किंवा नवराबायकोत भांडण पेटले असेल, तर काही महिने ती घराबाहेर ठेवण्याची सोय आहे. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक जमा करता येते, आणि रीतसर पावती घेऊन पुढे परतही आणता येते. निवडणुकीच्या दिवसांत पुष्कळ परवानाधारकांना ती अशीच जमा करावी लागते. ठाण्याचा रस्ता, तेथील कागद, तेथील मुन्शी, सारे त्यांच्या ओळखीचे असते.